विश्लेषण : ‘फुसका बार’ सर्वांत घातक का? पिस्तुलाची काडतुसे कशी तपासतात?

परवाना असलेली मंडळी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे जपतात. पुसतात, तेल लावतात, कुलपात ठेवतात. काडतुसे मात्र कपाटाच्या खणात, जुन्या चामडी पट्ट्यात किंवा डब्यात तशीच पडून राहतात. बंदूक फुटण्याच्या अनेक घटनांमध्ये दोष बंदुकीचा नसतो, तर त्या पितळी नळकांडीचा असतो. हा दोष बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो आणि जो दिसत नाही तो कानांना कळतो. फक्त पाहायला आणि ऐकायला हवे.

एका सिनेमाच्या सेटवर काय घडले होते?

३१ मार्च १९९३. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन शहरात ‘द क्रो’ या चित्रपटाचे चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चालू होते. नायक होता ब्रूस ली यांचा २८ वर्षांचा मुलगा ब्रँडन ली. प्रसंग साधा होता. नायक दारातून आत येतो आणि समोरचा माणूस रिव्हॉल्व्हर झाडतो. रिव्हॉल्व्हरमध्ये ‘ब्लँक’ काडतूस होते, म्हणजे दारू आहे पण पुढे गोळी नाही. आवाज झाला, ज्वाळा दिसली, ब्रँडन कोसळला. तो अभिनय नव्हता हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. पोटात शिरलेल्या गोळीने त्याच दिवशी त्याचा रुग्णालयात मृत्यू झाला.

काडतुसात गोळीच नव्हती, तर ती आली कुठून? याचे उत्तर त्या रात्रीच्या आधीच्या एका चित्रीकरणात होते. तिथे रिव्हॉल्व्हर जवळून दाखवायचे होते आणि त्याच्या घरांमध्ये गोळ्या दिसणे गरजेचे होते. त्यासाठी खरी काडतुसे उघडून आतली दारू काढण्यात आली आणि गोळ्या पुन्हा जागेवर बसवण्यात आल्या. ही झाली ‘डमी’ काडतुसे. मात्र त्यांच्या बुडाशी असलेली ठिणगीची टोपी, म्हणजे प्रायमर, तशीच राहिली. केव्हातरी चाप ओढला गेला. दारू नव्हती, पण प्रायमर पेटला आणि त्याच्या एवढ्याशा जोराने गोळी काडतुसातून निघून नळीत जाऊन अडकली. मोठा आवाज झालाच नाही, त्यामुळे काही घडले आहे असे कोणाला वाटले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले गेले. त्यातल्या पूर्ण दारूने अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी बाहेर फेकली.

या साखळीत तीन जागा अशा होत्या जिथे अपघात थांबला असता. डमीचे बूड उलटून पाहिले असते तर न वापरलेला प्रायमर दिसला असता. नंतर मोजणी केली असती तर एका डमीची गोळी गायब असल्याचे कळले असते. आणि ब्लँक भरण्याआधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत उजेड टाकला असता तर नळी बंद दिसली असती. तिन्ही कामे मिळून दोन मिनिटांची होती.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रकार हेलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, तेव्हा कथा थोडी वेगळी होती. तिथे डमी काडतुसांमध्ये एक खरे काडतूस मिसळले गेले होते. डमी ओळखण्याची खूण सोपी असते. एकतर तिच्या अंगाला भोक पाडलेले असते किंवा आत छोटा छर्रा टाकलेला असतो, त्यामुळे कानाजवळ हलवले की खुळखुळ वाजते. प्रत्येक काडतूस हलवून पाहण्याचे ते काम नीट झाले नाही. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली.

काडतूस आणि गोळी यांत फरक काय?

बातम्यांमध्ये ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ असे वाचायची आपल्याला सवय आहे. बोलताना मात्र सगळ्यालाच गोळी म्हणतात. या लेखापुरता फरक पाळावा लागेल.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच. पितळी पुंगळी, तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, पोटात दारू आणि बुडाशी प्रायमर. चाप ओढला की टोचणी प्रायमरवर आदळते, तिथली संवेदनशील स्फोटक पेटते, ठिणगी दारूत जाते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. पुंगळीचे काम फक्त डबीचे नाही. दाबामुळे ती क्षणभर फुगून बंदुकीच्या घराला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. कुकरच्या झाकणातील रबरी रिंग जे करते, तेच काम इथे पितळ करते.

कुकरचा विषय निघालाच आहे तर दाबाचा हिशेबही पाहू. घरातल्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाब असतो. ‘पॉइंट बत्तीस’च्या रिव्हॉल्व्हर काडतुसासाठी अमेरिकी उद्योगमानकाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे १५,००० पौंड. म्हणजे हजारपट. आणि हे पिस्तुलांच्या दुनियेतले सौम्य काडतूस मानले जाते. तुळशीच्या मंजिरीएवढ्या जागेत, हातापासून चार बोटांवर हा दाब तयार होतो. झाकणाची रिंग चिरलेली असताना कुकर लावायला कोणी धजत नाही, पण चिरलेली पुंगळी भरणारे सापडतात.

मग फुसका बार वाईट कसा?

दिवाळीत फुसका निघालेला फटाका हा चेष्टेचा विषय असतो. बंदुकीत तो तसा नाही. काडतुसात दारू भरलीच गेली नसेल, फारच कमी भरली गेली असेल किंवा ओलाव्याने निकामी झाली असेल, तर नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘पक्’ किंवा ‘फुस्स’ असा आवाज येतो. हाताला धक्का जाणवत नाही. गोळी नळीत शिरते, पण बाहेर पडण्याइतका जोर तिच्यामागे नसतो. इंग्रजीत याला ‘स्क्विब’ म्हणतात.

एवढ्यावर थांबले तर नुकसान शून्य. धोका पुढच्या गोळीत आहे. समोर नळी बुजलेली आणि मागून दुसरी गोळी पूर्ण वेगाने येते. वाट नसल्याने दाब त्या जागी नळीच्या भिंतीवर पडतो. नशीब बरे असेल तर नळीला अंगठीसारखा फुगवटा येतो आणि शस्त्र कायमचे निकामी होते. नसेल तर नळी फुटते आणि तिचे तुकडे हातात, चेहऱ्यात किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसात जातात.

रिव्हॉल्व्हरमध्ये हा धोका अधिक. तिथे पुढचे काडतूस समोर आणण्याचे काम चाप ओढणारे बोट करते. मागचा बार नीट झाला की नाही याच्याशी त्या चक्राला देणेघेणे नसते. स्वयंचलित पिस्तुलात मागच्या बाराच्या जोरानेच सरकपट्टी मागे जाऊन पुढचे काडतूस भरले जाते, त्यामुळे फुसक्या बारानंतर पिस्तूल बहुधा आपणहून अडते. पण इथे शिकवणीच उलटते. ‘अडले की पट्टी मागे ओढ, नवे काडतूस भर आणि झाड’ हा सराव हातात मुरलेला असतो. तो विचार न करता केला की बुजलेल्या नळीमागे नवे काडतूस हाताने आणून ठेवले जाते.

नेमबाजीच्या रेंजवर म्हणूनच एक नियम इतर सगळ्यांपेक्षा मोठ्याने सांगितला जातो. आवाज वेगळा आला, धक्का हलका वाटला, लक्ष्यावर छिद्र दिसले नाही, यांपैकी एकही झाले की बोट चापावरून काढायचे. पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून सगळी काडतुसे बाहेर काढायची आणि शस्त्र पूर्ण रिकामे झाल्याची खात्री पटल्यावरच नळी तपासायची. ‘पुढची झाडून बघू’ हा पर्याय नाही.

बाहेरून पाहून दारू कमी आहे हे कळते का?

कळत नाही. इथे अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून थोडे थांबू. पॉइंट बत्तीसच्या रिव्हॉल्व्हर काडतुसात गोळीचे वजन सहा ग्रॅमच्या आसपास असते, तर दारू ग्रॅमच्या पाचव्या हिस्स्यापेक्षाही कमी. गोळी आणि पुंगळी यांच्या वजनातच काडतुसागणिक थोडाफार फरक असतो. त्या फरकात दारूचे वजन सहज लपते. त्यामुळे सोनाराच्या तराजूवर काडतूस तोलून निदान करणारे स्वतःची फसवणूक करतात. हलवून आवाज ऐकणेही अशा खऱ्या काडतुसासाठी भरवशाचे नाही, कारण दारू किती मोकळी आहे हे तिच्या प्रकारावर अवलंबून असते.

ही तपासणी कारखान्यातच होऊ शकते. तिथे दारू भरल्यावर आणि गोळी बसण्याआधी पातळी पाहिली जाते, तयार मालाची मापे घेतली जातात आणि प्रत्येक लॉटमधील नमुने झाडून दाब व वेग मोजला जातो. म्हणून खोक्यावरचा लॉट क्रमांक महत्त्वाचा. एखाद्या लॉटमध्ये दोष असल्याचे नंतर कळले, तर तुमच्याकडची काडतुसे त्यातलीच आहेत का हे सांगणारी ती एकमेव खूण. खोके फेकून काडतुसे औषधाच्या रिकाम्या डब्यात एकत्र केली की ती खूण गेली. जुनी आणि नवी, दोन वेगवेगळ्या दुकानांची, सगळी एका डब्यात ओतणारे घर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

डोळ्यांना काय दिसते?

बरेच काही. आधी शस्त्र रिकामे करून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायचे. तपासणी काडतुसांची आहे आणि त्या टेबलावर बंदुकीचे काही काम नाही. पांढरे कापड, चांगला उजेड, एका वेळी एक काडतूस. हात कोरडे.

सुरुवात बुडापासून. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा किंचित आत असायला हवा. कॅरमच्या बोर्डावरून बोट फिरवावे तसे हलकेच बोट फिरवले तरी वर आलेला प्रायमर लागतो. असा उंच बसलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरमध्ये चक्राला अडवतो. पिस्तुलात सरकपट्टी पुढे आदळताना त्यावर दाब पडून चाप न ओढताच बार होण्याची शक्यता राहते. कधी प्रायमर तिरका, चेपलेला किंवा उलटा बसलेला असतो. त्यावर आधीच टोचणीचा खड्डा असेल तर ते काडतूस एकदा नापास झालेले आहे. ते कोणीतरी गुपचूप पुन्हा डब्यात टाकले, एवढाच त्याचा अर्थ.

मग पुंगळी बोटांत फिरवायची. उभी चीर बहुतेक वेळा तोंडाजवळ, जिथे पितळाने गोळीला आवळलेले असते, तिथे दिसते. बारीक केसासारखी काळी रेघ म्हणजे ओरखडा की चीर, हे नखाने कळते. नख अडकले तर शंकेला जागा नाही. फुगवटा, खोल पोचा, बुडाजवळची चमकदार आडवी रेघ, यांतले काहीही दिसले की ते काडतूस बाजूला.

शेवटी गोळी. खोक्यातली चार काडतुसे सपाट काचेवर शेजारी शेजारी उभी केली की उंचीतला फरक लगेच दिसतो. एखादे बुटके असेल तर गोळी आत दबली आहे. हा दोष कारखान्यातून येतोच असे नाही. तो बहुधा मालकच तयार करतो. रोज रात्री पिस्तूल भरायचे आणि सकाळी रिकामे करायचे, अशी सवय असलेल्यांकडे तेच एक वरचे काडतूस रोज नळीच्या तोंडाशी आदळते. प्रत्येक धडकेत गोळी केसभर आत जाते. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब वाढतो, दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि ती वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र एवढ्या छोट्या जागेत फार लवकर हाताबाहेर जाते. दोन मिलिमीटर डोळ्याला क्षुल्लक वाटतात. त्या पुंगळीच्या पोटात ते क्षुल्लक नसतात.

याच्या उलट प्रकार रिव्हॉल्व्हरमध्ये होतो. एक बार झाला की त्याच्या झटक्याने चक्रातल्या बाकीच्या काडतुसांतली सैल गोळी पुढे सरकते. ती चक्राच्या बाहेर डोकावली की चक्र फिरत नाही. गोळी बोटांनी फिरली किंवा हलली तर काडतूस नापास. मात्र जोर लावून ओढून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे.

दोन ‘पॉइंट बत्तीस’चा घोळ काय?

काडतूस निर्दोष असूनही चुकीचे असू शकते. भारतात सर्वसामान्य परवान्यावर मिळणाऱ्या छोट्या शस्त्रांमध्ये पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर आणि पॉइंट बत्तीसचे पिस्तूल, दोन्ही आहेत. आकडा एकच, काडतुसे वेगळी. रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९६ मधल्या ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ या रचनेचे. ते लांब असते आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते. पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये आणलेले. ते आखूड, त्याची कड जेमतेम जाणवणारी. त्याची दाबाची मर्यादा २०,५०० पौंड, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक.

लांब काडतूस पिस्तुलात जातच नाही. आखूड काडतूस मात्र अनेक रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकते, आणि घोळ तिथेच आहे. ‘बसले ना, मग चालेल’ हा तर्क प्लगपॉइंटलाही लावू नये, इथे तर नाहीच. रिव्हॉल्व्हर जुने, आजोबांच्या काळातले असेल तर जास्त दाब सोसण्याची त्याची तयारी नसते. पुंगळीच्या बुडावर कोरलेली अक्षरे वाचणे हाच इलाज. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ‘किर्की फॅक्टरी’ची ‘केएफ’ ही अक्षरे देशातील असंख्य पुंगळ्यांच्या बुडावर आहेत. पण ‘केएफ’ म्हणजे कुठे बनले ते. कोणत्या शस्त्रासाठी बनले, ते शेजारची अक्षरे सांगतात. डोळ्यांना ती बारीक असतील तर फोनच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहता येतात. तो फोटो मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची गरज नाही.

पावसाळ्याचा आणि पितळाचा काय संबंध?

धातुशास्त्राच्या पुस्तकांत ‘सीझन क्रॅकिंग’ नावाचा प्रकार शिकवला जातो. यातला ‘सीझन’ म्हणजे आपला पावसाळा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजा पावसाळ्यात हालचाली कमी करत आणि काडतुसे तबेल्यांमध्ये साठवत. पाऊस सरल्यावर खोकी उघडली की पुंगळ्यांना चिरा पडलेल्या दिसत. कोणी त्यांना हातही लावलेला नसे. बराच काळ याचे कारण सापडत नव्हते. १९२१ मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी ते उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ थंड अवस्थेत ओढून पुंगळी बनवताना तिच्यात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ आतून तडकते. पुंगळी योग्य तापमानाला तापवून तो ताण घालवणे हा त्यावरचा उपाय ठरला आणि आज प्रत्येक कारखान्यात तो निर्मितीचाच भाग आहे.

तबेले गेले, अमोनिया गेला नाही. पितळ चकाकवण्याच्या अनेक द्रावणांत तो असतो. देव्हाऱ्यातली समई ज्याने घासतात त्याने काडतुसे उजळवायचा मोह होतो, कारण काळवंडलेले पितळ डोळ्यांना खुपते. काळवंडणे हा दोष नाही. ते नुसते हवेचे काम. हिरवा थर मात्र वेगळा. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते, तेव्हा भांड्याला जसा हिरवटपणा चढतो, तसाच तो. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या काडतुसांवर तो हमखास येतो, कारण चामडे कमावताना वापरलेली रसायने आणि कोकणातला किंवा मुंबईतला दमटपणा दोन्ही पितळाला खातात. पट्टा रुबाबासाठी ठीक, साठवणीसाठी नाही. हिरवा थर पुसला गेला आणि खाली खड्डे दिसले तर ते काडतूस वापरायचे नाही.

दुसरा मोह तेलाचा. गंज सोडवणारे, फटींत शिरणारे तेल बंदुकीच्या खिळ्याला चांगले, काडतुसाला वाईट. ते प्रायमरच्या कडेने आत झिरपले की प्रायमर मरतो किंवा अर्धमेला होतो. अर्धमेला प्रायमर म्हणजे पुन्हा फुसका बार. काडतुसे कोरड्या कापडाने पुसायची, बस्स.

विदर्भातल्या वाचकांना उन्हाची काळजी वाटेल. बंद गाडीत काडतूस आपोआप फुटते का? नाही. दारू पेटायला दीडशे अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यातली बंद गाडीही तिथवर जात नाही. पण अशा उष्णतेत महिनोन्‌महिने राहिलेली दारू हळूहळू विघटित होते. तिच्यातले स्थिरक रसायन संपत जाते आणि बार कमी-जास्त होऊ लागतो. थंड, कोरडी, अंधारी जागा आणि मूळ खोके, एवढे केले तर काडतुसे अनेक दशके टिकतात. तसे केले नाही तर दोन पावसाळेही पुरतात.

चाप ओढला आणि काहीच झाले नाही तर?

दिवाळीत न फुटलेल्या सुतळी बॉम्बजवळ लगेच जायचे नाही, हे लहान मुलांनाही माहीत असते. इथेही तेच. प्रायमर कधी कधी उशिरा पेट घेतो. म्हणून शस्त्र सुरक्षित दिशेला रोखलेले ठेवून किमान ३० सेकंद थांबायचे. रिव्हॉल्व्हर असेल तर या वेळात पुन्हा चाप ओढायचा नाही, कारण चक्र फिरले की ते संशयित काडतूस नळीसमोरून बाजूला जाते आणि तिथे उशिराने बार झाला तर गोळीला जायला नळीच नसते. वेळ झाल्यावर काडतूस काढून वेगळे ठेवायचे. तेच पुन्हा भरून ‘या वेळी उडते का’ पाहायचे नाही.

हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना मागणाऱ्याने शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. ते योग्यच आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि प्रशिक्षणातले शब्द पाच वर्षे कानात राहत नाहीत. सराफ, बांधकाम व्यावसायिक, पेट्रोलपंप चालक असे अनेक परवानाधारक स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेतात आणि देवाच्या कृपेने त्यांच्यावर ते झाडायची वेळ येत नाही. त्यामुळे काडतुसे म्हातारी होत जातात. परवान्यावर खरेदीची तारीख आणि संख्या असते. ती कुठे ठेवली, किती पावसाळे खाल्ले, याची नोंद कुठेच नसते. निवडणुकीच्या आधी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा पावती, क्रमांक, शिक्का सगळे होते. त्याच टेबलावर एका प्रशिक्षित शस्त्र-हवालदाराने काडतुसांची बुडे पाच मिनिटे पाहिली, तर वेगळा खर्च, वेगळा कायदा काहीही लागणार नाही. नूतनीकरणाच्या वेळी दारूगोळा डोळ्यांखालून घालणे सक्तीचे करायला तर आणखी कमी कारण लागते. स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र ऐन वेळी फुसके निघाले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न परवानाधारकालाच आधी पडायला हवा.

सदोष काडतुसाचे काय करायचे?

कचऱ्यात नाही, विहिरीत नाही, परसात पुरायचे नाही. पकडीने उघडून दारू काढायची तर मुळीच नाही. विल्मिंग्टनमध्ये साखळी तिथूनच सुरू झाली होती. आगीत टाकलेले काडतूस बंदुकीतल्यासारखी गोळी झाडत नाही, पण पितळाचे तुकडे डोळा फोडायला पुरेसे असतात. असे काडतूस वेगळ्या डबीत, ‘सदोष’ अशी चिठ्ठी लावून ठेवायचे आणि परवान्यासह अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यायचे. लेखी पोच घ्यायची, कारण परवान्यावरच्या संख्येशी हिशेब उद्या जुळवावा लागतो.

आणि परवानाधारक वारल्यावर ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली काडतुसे सापडली तर? ती आता कोणाच्याच परवान्यावर नसतात. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. पिशवीत सुटी कोंबून, किल्ल्या आणि नाण्यांसोबत नेऊ नयेत. प्रत्येक काडतूस कापडात वेगळे गुंडाळावे किंवा त्याहून सोपे म्हणजे ठाण्यात आधी फोन करून सांगावे.